चिउरा ओबाता समजून घ्यायचे असतील तर सुरुवात त्यांच्या वर्गापासून करा

कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी या राष्ट्रीय उद्यानाचे कडे, निळेशार तलाव, संध्याकाळचा जांभळट उजेड आणि सगळं जपानी धाटणीचं, अशी प्रिंट्स तुम्ही नेटवर कुठे ना कुठे पाहिली असणारच, आणि त्यातली बरीचशी चिउरा ओबातांची असतात. काही जणांना हे नाव वेगळ्याच वाटेने माहीत असतं, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांमध्ये टाकलं तेव्हा आतमध्ये चित्रकलेची शाळा काढणारा माणूस म्हणून. दोन्ही ओळखी खऱ्या आहेत पण लेख वाचताना, व्हिडिओ बघताना त्या एकमेकींना भेटतच नाहीत, सुंदर डोंगर एकीकडे राहतात आणि दुःखाची गोष्ट दुसरीकडे, आणि माणूस अर्धाच हाती लागतो.

हा गाइड त्यांच्यासाठी आहे ज्यांना ओबातांवर सेमिनार द्यायचाय, लेख लिहायचाय, किंवा यातलं काहीच करायचं नाहीये पण माणूस नीट समजून घ्यायचाय. माझं सांगणं एकच, ओबाता आधी शिक्षक म्हणून वाचा, चित्रकार त्यातूनच सापडतो. शिकवणं हे त्यांच्यासाठी चित्रं विकली जात नाहीत म्हणून केलेलं जोडकाम नव्हतं. डोंगरात तासन्‌तास बसून जे दिसलं ते दुसऱ्याला कसं दिसेल, हाच त्यांचा आयुष्यभराचा ध्यास, मग समोर बर्कलीच्या युनिव्हर्सिटीतली पोरं असोत नाहीतर छावणीत घोड्यांच्या तबेल्यात राहायला आलेली आजी. हे डोक्यात ठेवून बघायला लागलात की १९२७ मधला डोंगर आणि १९४२ मधली छावणी एकाच माणसाच्या दिसायला लागतात.

तीन रकान्यांचा तक्ता

कुठल्याही स्थलांतरित कलाकाराच्या बाबतीत मी हे करायला सांगेन, पण ओबातांच्या बाबतीत तर यावाचून पुढे जाऊच नका. एक कागद आडवा घ्या, तीन रकाने पाडा. पहिल्यात ते त्या वर्षी कुठे होते आणि काय काढत होते. दुसऱ्यात त्या वर्षी अमेरिकेचा कायदा त्यांना काय समजत होता. तिसऱ्यात ते कुणाकडे शिकत होते किंवा कुणाला शिकवत होते. बहुतेक लेखांमध्ये पहिलाच रकाना भरलेला असतो, दुसरा १९४२ ला एकदम उगवतो, आणि तिसरा जवळजवळ नसतोच.

भरायला सुरुवात करा. १८८५, जपानमधल्या ओकायामा भागात जन्म, पण वाढले उत्तरेला सेंदाईला, चित्रकार असलेल्या थोरल्या भावाच्या घरी. सातव्या वर्षापासून शाईचं शिक्षण. चौदाव्या वर्षी लष्करी शाळेत घालायचं घाटत होतं म्हणून घरातून पळून टोकियोला गेले आणि तिथे मुराता तान्र्यो या चित्रकाराच्या हाताखाली राहिले. तिसऱ्या रकान्यात हे ठळक लिहा, कारण ही गुरूच्या घरी राहून शिकायची पद्धत आहे, आधी शाई घोटायची, ब्रश धुवायचे, बघत राहायचं, मग कधीतरी कागद मिळतो. पुढे बर्कलीत ते शिकवतात तेव्हा या शिस्तीचा अंश सतत दिसतो.

१९०३, वय १७, सॅन फ्रान्सिस्को. लोकांच्या घरी घरकाम करून राहायचं, इंग्रजी शिकायचं, जपानी भाषेतल्या वर्तमानपत्रांसाठी चित्रं काढायची. कला महाविद्यालयातही थोडे दिवस गेले पण रमले नाहीत. मधल्या वेळात बेसबॉलची टीम उभी करण्यातही ते होते, फुजी अॅथलेटिक क्लब, अमेरिकेच्या मुख्य भूमीवरची पहिली जपानी-अमेरिकन टीम म्हणून तिचं नाव घेतात. हे लिहायचं कारण असं की ओबाता म्हटलं की डोळ्यांसमोर ध्यानस्थ ऋषी उभा करायची लोकांना हौस असते, आणि प्रत्यक्षात हा चांगला रांगडा, मैदानात धावणारा मुलगा होता.

आता दुसरा रकाना. १७९० पासूनचा अमेरिकेचा कायदा असा होता की बाहेरून आलेल्यांपैकी फक्त गोऱ्यांनाच नागरिक होता येईल, नंतर १८७० मध्ये आफ्रिकन वंशाच्या लोकांचा समावेश झाला, पण जपानमध्ये जन्मलेल्या माणसाला दार बंदच. म्हणजे १९०३ च्या ओळीत लिहा, "नागरिक होऊ शकत नाही". आणि ही ओळ खाली खाली ओढत न्या, १९०६ ला, १९१३ ला, १९२४ ला, १९३२ ला, थेट १९५२ पर्यंत. पेनाने खरोखर रेघ ओढा, नुसतं मनात म्हणून चालत नाही, ती रेघ किती लांब जाते हे डोळ्याला दिसायला हवं.

१९०६ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा तो मोठा भूकंप आणि त्यामागून आग. विशीतले ओबाता पडलेल्या शहरात फिरून स्केचेस करतात. ही स्केचेस नक्की शोधून बघा, कारण छावणीतली स्केचेस बघताना यांचीच आठवण होणार आहे. मोठं संकट आलं की हा माणूस आधी कागद काढतो ही सवय १९४२ ची नाहीये, चांगली जुनी आहे.

१९१२ मध्ये हारुको कोहाशींशी लग्न. १९१३ मध्ये कॅलिफोर्नियाचा कायदा आला की ज्यांना नागरिक होता येत नाही त्यांना शेतजमीन विकत घेता येणार नाही. १९२१ मध्ये ओबाता आणखी काही कलाकारांबरोबर सॅन फ्रान्सिस्कोत ईस्ट वेस्ट आर्ट सोसायटी सुरू करतात, वेगवेगळ्या देशांतले चित्रकार एकत्र येऊन एकमेकांचं काम बघायचे. पुढच्याच वर्षी, १९२२ ला, सुप्रीम कोर्टाने ताकाओ ओझावा या माणसाच्या खटल्यात निकाल दिला की जपानी माणूस नागरिक होऊ शकत नाही. आणि मग १९२४ बघा. त्या वर्षी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, इमिग्रेशनचा असा कायदा केला की जपानमधून येणं जवळजवळ बंदच झालं, आणि त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्को ऑपेराने जपानमध्ये घडणाऱ्या 'मादामा बटरफ्लाय' या ऑपेराचा सेट करायला ओबातांना बोलावलं. स्टेजवर जपान हवा होता, बंदरात नको होता. एका ओळीत दोन रकाने शेजारी आले की असं काहीतरी कळतं जे नुसत्या चरित्रातून कळत नाही.

१९२७ योसेमिटी आणि हाय सिएरा (सिएरा नेवाडा डोंगररांगेचा उंच भाग), १९२८ ते १९३० टोकियो, १९३२ पासून बर्कलीला युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या कला विभागात शिकवणं, १९४२ टॅनफोरान आणि टोपाझ, १९४३ सेंट लुईस, १९४५ परत बर्कली, १९५४ रिटायर. या ओळी आत्ता नुसत्या टाकून ठेवा, पुढे भरूया. फक्त एक बघून घ्या, १९५२ च्या कायद्याने आशियातल्या लोकांना नागरिक व्हायची परवानगी मिळाली आणि ओबाता नागरिक झाले १९५४ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी रिटायर झाले त्याच वर्षी. जवळजवळ अख्खी नोकरी, त्या राज्याच्या सरकारी युनिव्हर्सिटीत त्या राज्याच्या मुलांना तिथलेच डोंगर बघायला शिकवण्यात गेली, आणि त्या सगळ्या काळात कायद्याच्या लेखी ते बाहेरचे.

एक चित्र घ्या आणि त्याच्यासोबत बसा

तक्ता झाला की चित्रांकडे वळा, पण शंभर चित्रं भराभर स्क्रोल करू नका. एकच घ्या. मी 'लेक बेसिन इन द हाय सिएरा' घ्यायला सांगेन, १९३० चं प्रिंट. मोठ्या साइजची इमेज शोधा, मोबाइलवर नको, जरा मोठी स्क्रीन बघा.

आधी पार्श्वभूमी. १९२७ च्या उन्हाळ्यात बर्कलीतले प्राध्यापक वर्थ रायडर यांच्याबरोबर ओबाता योसेमिटी आणि त्यापलीकडच्या उंच सिएरामध्ये गेले, शिल्पकार रॉबर्ट बोर्डमन हॉवर्डही सोबत आले. काही आठवडे तंबू, पायपीट, आणि रोज चित्रं. शंभराहून जास्त चित्रं त्या एका उन्हाळ्यात झाली, आणि शिवाय घरी हारुकोंना पत्रं. पुढच्या वर्षी घरातल्या मृत्यूमुळे ते जपानला गेले, आणि तिथे टोकियोच्या ताकामिझावा या छापखान्याबरोबर त्यातली निवडक जलरंगचित्रं वुडब्लॉक प्रिंटमध्ये, म्हणजे लाकडी ठोकळ्यांवर कोरून छापलेल्या चित्रांमध्ये, उतरवायचं काम सुरू केलं. 'वर्ल्ड लँडस्केप सिरीज' नावाचा हा ३५ प्रिंट्सचा संच. बत्तीस कोरणारे आणि चाळीस छापणारे कारागीर, वर्ष-दीड वर्ष काम, आणि एकेक प्रिंट पुरं व्हायला शंभराहून जास्त वेळा छाप उठवावा लागायचा. 'लेक बेसिन'ला टोकियोत उएनोच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं.

आता बघायचं कसं. पुढचा खडकाळ काठ हाताने झाका आणि फक्त तलाव बघा. निळा एकसारखा नाहीये, तो जागोजागी गडद होत जातो, आणि त्यात ब्रशचे फटकारे दिसतात. आता थांबा, प्रिंटमध्ये ब्रशचे फटकारे कुठून आले? लाकडी ठोकळ्याला ब्रशचा फटकारा कसा येईल? इथेच सगळी मेहनत आहे. ओबातांचा हट्ट होता की डोंगरात बसून केलेल्या जलरंगाचा ओलेपणा, ब्रश कोरडा पडत गेल्याची खूण, हे सगळं प्रिंटमध्ये यायला हवं, आणि त्यासाठी कारागिरांना एकावर एक पातळ थर छापत न्यावं लागलं. नेहमीच्या जपानी प्रिंटमध्ये काळी बाह्यरेषा असते आणि आत सपाट रंग, इथे तसं नाही. म्हणून हे प्रिंट बघताना "जपानी प्रिंट" असं म्हणून सोडून देऊ नका. कॅलिफोर्नियातला डोंगर, जपानी शाईचं शिक्षण घेतलेला हात, उघड्यावर बसून केलेला जलरंग, आणि टोकियोतल्या छापखान्यातले कारागीर, हे सगळं त्या एका कागदावर आहे.

मग हात काढा आणि आता मागचं शिखर झाका. मग नुसतं आभाळ झाका. असं करत गेलं की कळतं, यात भरवलेलं काही नाही, बारीकसारीक दगड-झाडं सगळी दाखवायची घाई नाही, काय सोडून द्यायचं हे आधीच ठरलेलं आहे.

थोडा वेळ स्वतः करून बघा

हा भाग टाळू नका, चित्र काढता येत नसलं तरी. ओबाता वर्गात स्वतः ब्रश हातात घेऊन करून दाखवायचे, लोकांसमोर प्रात्यक्षिकं द्यायचे, त्यामुळे ते काय शिकवत होते हे नुसतं वाचून अर्धवटच कळेल.

जपानी शाईची कांडी मिळाली तर उत्तम, ती काजळी आणि सरस यांची असते, दगडी पाटीवर थोड्या पाण्यात घोटायची. घाई केली तर शाई खरखरीत होते. मांडी किंवा खुर्ची कशीही चालेल पण पाठ सरळ, हात सैल, आणि खांद्यापासून फिरवायचा, नुसत्या मनगटातून नाही. कांडी नसेल तर बाटलीतली काळी शाई घ्या, पण मग ब्रश उचलण्याआधी तेवढाच वेळ शांत बसा, कारण घोटण्याचा निम्मा उपयोग तोच आहे, हात आणि श्वास जागेवर येतात.

आता जाड गोल ब्रश आधी साध्या पाण्यात पूर्ण भिजवा, जादाचं पाणी निथळवा. मग निम्म्यापर्यंत फिकट शाईत बुडवा. मग फक्त टोक गडद शाईत. ब्रश आडवा टेकवून एकच फटकारा ओढा, टोकाच्या बाजूला काळा आणि पोटाच्या बाजूला जवळजवळ पांढरा, मधल्या सगळ्या छटा आपोआप. झाडाचं खोड, डोंगराची उतरती कड, एका हालचालीत उजेड आणि सावली. शाई शोषणारा कागद वापरा, म्हणजे चूक पुसता येणार नाही, आणि पुसता येत नाही म्हणून हात ठेवायच्या आधी बघावं लागतं. दुसरा कागद आधी ओला करा आणि मग वरच्या भागात फिकट शाई सोडा, ती स्वतःच पसरते, धुकं होतं, ढग होतो, तुम्ही फक्त कुठे थांबायचं ते ठरवायचं.

पाच-सहा कागद खराब करा आणि मग परत 'लेक बेसिन'कडे जा. जो फटकारा तुमच्या ब्रशने एका क्षणात झाला तोच लाकडावर कोरून थरावर थर छापायचा म्हणजे काय, हे आता हाताला माहीत असेल. आणि ओबाता आपल्या विद्यार्थ्यांना काय मागत होते तेही कळेल, निसर्गाच्या पुढ्यात गप्प बसायची तयारी, बाकीचं त्यानंतर. त्यांच्या दृष्टीने सौंदर्य ओळखायला शिकणं ही चित्रकार होणाऱ्यांचीच गरज नव्हती, कुठलाही विषय शिकणाऱ्या मुलाला त्याची गरज होती.

छावणीचा भाग लिहिताना

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या आणि सगळ्यात कमी विशेषणं वापरा.

डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बर या अमेरिकन नौदलाच्या तळावर जपानचा हल्ला. ओबातांचा बर्कलीत टेलिग्राफ अॅव्हेन्यूवर स्टुडिओ आणि दुकान होतं, तिथे गोळी झाडली गेली, ते बंद करावं लागलं. १९ फेब्रुवारी १९४२ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाचा आदेश काढला आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना घरं सोडायला लावली, एकूण सुमारे १,२०,००० माणसं, त्यातली जवळजवळ दोन तृतीयांश अमेरिकेत जन्मलेली म्हणजे नागरिक. जाण्याआधी ओबातांनी काय केलं ते तिसऱ्या रकान्यात लिहा. त्यांनी चित्रं विकायला काढली आणि आलेले पैसे बर्कलीच्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी दिले. उरलेली बरीच चित्रं युनिव्हर्सिटीचे अध्यक्ष रॉबर्ट गॉर्डन स्प्राउल यांनी सांभाळायला घेतली. स्वतःचं घर मोडतंय आणि हा माणूस कुणाच्या तरी फीचा विचार करतोय.

टॅनफोरान हे सॅन ब्रूनोतलं घोड्यांचं रेसकोर्स. कुटुंबांना तबेल्यांमध्ये खोल्या करून दिल्या, वास तसाच, भिंती घाईने चुना मारलेल्या. एप्रिलच्या शेवटी लोक यायला लागले आणि मे महिन्यात तिथे चित्रकलेची शाळा सुरू झालेली होती. ओबातांनी छावणीच्या प्रशासनाशी बोलून परवानगी काढली, आत असलेल्या कलाकारांना शिक्षक म्हणून गोळा केलं, बाहेरच्या मित्रांकडून आणि सहकाऱ्यांकडून साहित्य मागवलं. लहान मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत शेकडो विद्यार्थी. शिकवणाऱ्यांमध्ये जॉर्ज मात्सुसाबुरो हिबी, हिसाको हिबी, मिने ओकुबो अशी माणसं होती, त्यांची नावं लेखात घ्याच, शाळा एकट्याने चालत नसते. सप्टेंबरमध्ये सगळ्यांना युटाच्या वाळवंटात टोपाझला हलवलं आणि तिथे पुन्हा शाळा उभी केली.

इथे बरेच जण भावनेच्या भरात "अंधारात आशेचा दिवा" वगैरे लिहितात. त्यापेक्षा साधे प्रश्न विचारा. कागद कुठून आला? वर्गाची खोली कुठली? कोण कुठला विषय शिकवत होतं? हिवाळ्यात टोपाझच्या लाकडी बराकीत शाईचं पाणी कसं राहत असेल? शाळेची रोजची यंत्रणा समजली की तिची किंमत सांगायला विशेषणं लागत नाहीत. ओबातांची भूमिका अशी होती की माणसाला शिक्षण जेवणाइतकंच लागतं, आणि ती अगदी शब्दशः घेतली तरच एवढ्या घाईने शाळा का काढली हे कळतं.

चित्रं दोन ढिगांत लावा. एका ढिगात झटपट शाईची स्केचेस, रांगा, सामानाचे ढीग, धुळीची वादळं, बराकी. दुसऱ्या ढिगात रंगीत निसर्गचित्रं, उदाहरणार्थ १९४३ चं चांदण्यातलं टोपाझ. जपानी वंशाच्या लोकांकडचे कॅमेरे जप्त झालेले होते, त्यामुळे पहिला ढीग हा पुरावा आहे, नुसती कला नाही. ११ एप्रिल १९४३ ला टोपाझच्या कुंपणाजवळ जेम्स हात्सुआकी वाकासा या ६३ वर्षांच्या माणसाला पहारेकऱ्याने गोळी घालून मारलं, त्या घटनेचं ओबातांचं स्केच आहे. ते बघताना एवढं लक्षात ठेवा की सगळी स्केचेस डोळ्यांदेखत काढलेली नसतात, ऐकून उभी केलेलीही असतात, तारीख आणि त्या दिवशी ओबाता कुठे होते हे जुळवूनच वापरा.

चांदण्यातल्या टोपाझबद्दल लोक विचारतात की छावणी इतकी सुंदर का दाखवली. मला विचाराल तर त्यात काही लपवलेलं नाही. बराकी तिथे आहेत, फक्त त्या लहान आहेत, आणि डोंगर आणि आभाळ मोठं आहे, अगदी सिएरातल्या चित्रांसारखंच प्रमाण. पंधरा वर्षांपूर्वी जी नजर तयार झाली तीच इथे लावलेली आहे, आणि वर्गातल्या मुलांनाही ते हेच दाखवत होते. पण ही चित्रं एकटी दाखवू नका, शेजारी स्केचेसचा ढीग ठेवा, नाहीतर बघणाऱ्याला छावणी म्हणजे हवा खायची जागा वाटेल.

आणि एक गोष्ट जी बरेच लेख गाळतात. १९४३ च्या सुरुवातीला सरकारने छावणीतल्या लोकांना निष्ठेची प्रश्नावली भरायला लावली आणि आतल्या आत प्रचंड तणाव झाला. प्रशासनाशी बोलून काम करणाऱ्यांवर काही जणांचा राग होता. एप्रिलमध्ये एका रात्री छावणीतल्याच एका माणसाने ओबातांवर हल्ला केला, त्यांना हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं, आणि त्यानंतर सुरक्षेसाठी कुटुंबाला बाहेर सोडलं. शाळेची जबाबदारी जॉर्ज हिबींनी घेतली. हे लिहायला अवघड वाटतं कारण सरळ गोष्टीत बसत नाही, पण हे गाळलं तर छावणीतली माणसं एकसारखी, गप्प, सोशिक दिसायला लागतात आणि तशी ती नव्हती. हल्ला करणाऱ्याला राक्षस करू नका आणि ओबातांना संत करू नका, कोंडलेल्या हजारो माणसांमध्ये काय होतं ते लिहा.

नंतरचं, आणि घरातलं

सेंट लुईसला जायचं कारण मुलगा ग्यो. तो आर्किटेक्चर शिकायला तिथल्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत गेला होता, त्यामुळे छावणीतून वाचला. (पुढे वॉशिंग्टनमधलं नॅशनल एअर अँड स्पेस म्युझियम त्याने डिझाइन केलं, पण त्यावर दोन परिच्छेद घालवू नका, लेख ओबातांवर आहे.) १९४५ मध्ये किनाऱ्यावर परतायची बंदी उठली आणि बर्कलीने ओबातांना पुन्हा कामावर घेतलं. त्याच वर्षी हिरोशिमानंतर त्यांनी 'डिव्हास्टेशन' केलं, त्याला सिएराच्या चित्रांच्या शेजारी लावून बघा.

हारुकोंना एका वाक्यात उडवू नका. त्या इकेबानाच्या, म्हणजे जपानी पुष्परचनेच्या, शिक्षिका होत्या, स्वतःच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, आणि छावणीतही शिकवत राहिल्या. एका घरात दोन शिक्षक होते. १९५४ नंतरही ओबातांचं शिकवणं थांबलं नाही, ते अमेरिकन लोकांचे ग्रुप घेऊन जपानला बागा आणि कला दाखवायला न्यायचे. त्याला टूर म्हणा, पण मला तो वर्गच वाटतो, फक्त बाकं नाहीत. १९६५ मध्ये जपानच्या सम्राटांकडून सन्मान मिळाला, १९७५ मध्ये गेले. अमेरिकन सरकारने छावण्यांबद्दल माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले तो कायदा १९८८ चा, म्हणजे ओबाता ते बघायला नव्हते. ही ओळ दुसऱ्या रकान्यात सगळ्यात खाली लिहा.

साहित्य गोळा करताना

तारखांचा घोळ होतो. जलरंग १९२७ चा आणि त्याचं प्रिंट १९३० चं, नाव तेच, आणि नेटवर दोन्हीखाली कुठलीही तारीख टाकलेली असते. कागदाच्या कडेला छापखान्याचा शिक्का, ठशांचं नेमकं बसणं, यावरून ओळखायचा प्रयत्न करा, आणि शक्यतो म्युझियमच्याच पानावरची माहिती घ्या. स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियमकडे ओबातांचं काम आहे, १९३९ चं माउंट लायलवरच्या वादळाचं चित्र तिथेच बघायला मिळतं, आणि ते मी सगळ्यांना बघायला लावतो, निळ्या-जांभळ्या ढगांचा भोवरा आणि खाली डोंगराची टोकं.

हिरोशी योशिदांशी गल्लत करू नका. त्यांनीही योसेमिटीचं एल कॅपिटान केलंय, १९२५ मध्ये, आणि सुंदर केलंय, पण योशिदा प्रवासाला आलेले जपानी चित्रकार, बघून परत गेले. ओबाता तिथेच राहायचे, भाडं तिथे भरायचे, मुलं तिथे वाढवायचे. दोघांची योसेमिटी शेजारी ठेवा, लेखाला चांगला मुद्दा मिळेल.

ओबातांच्या स्वतःच्या शब्दांपर्यंत जायचं असेल तर १९२७ ची पत्रं आणि म्हातारपणच्या आठवणी यांत फरक करा. पत्रं त्याच दिवसाची, थकवा आणि आनंद ताजा. आठवणी कित्येक दशकांनंतरच्या, त्यात गोष्ट घोटून घोटून गोळीबंद झालेली असते, ती वापरा पण तारखा दुसरीकडे ताडून घ्या.

आणि जे कुणी करत नाही ते करा, विद्यार्थ्यांची चित्रं शोधा. युटामधल्या डेल्टा गावात टोपाझ म्युझियम आहे, तिथे छावणीतल्या लोकांनी काढलेली चित्रं जपून ठेवलेली आहेत. काही कच्ची आहेत, प्रमाण चुकलेलं, आभाळ गढूळ झालेलं. त्यातलं एक तरी तुमच्या लेखात किंवा स्लाइडमध्ये ओबातांच्या चित्राशेजारी, त्याच साइजमध्ये लावा, आणि काढणाऱ्याचं नाव मिळालं तर तेही तेवढ्याच मोठ्या अक्षरात.